आंतरजालावरील विद्यापीठीय प्रारंभिक व्याख्याने : एक चिकित्सा

प्रास्ताविक

एखाद्या विषयाची तोंडओळख करून देणारे व्याख्यान हा उच्च शिक्षणातील अत्यंत अवघड आणि तितकाच दुर्लक्षित असा वाङ्मयप्रकार होय. ‘वाङ्मयप्रकार’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजला आहे. व्याख्यानाला रचना असते, वक्त्याची शैली असते आणि वक्त्याने मनाशी गृहीत धरलेला एक श्रोता असतो. ज्या कृतीला या तीन गोष्टी असतात तिची समीक्षा होऊ शकते. आजवर ती झाली नाही याचे कारण अगदी व्यावहारिक होते. तास संपला की व्याख्यान नाहीसे होई, फळा पुसला जाई आणि मागे उरे ती विद्यार्थ्याची वही. त्या वहीवरून मूळ व्याख्यानाची परीक्षा करणे म्हणजे पत्रावळीवरून पंगतीची परीक्षा करण्यासारखे होते.

गेल्या पाव शतकात ही परिस्थिती बदलली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (यापुढे एमआयटी) या संस्थेने एप्रिल २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांची सामग्री आंतरजालावर विनामूल्य खुली करण्याचा संकल्प जाहीर केला आणि सप्टेंबर २००२ मध्ये पहिल्या पन्नास अभ्यासक्रमांची सामग्री प्रत्यक्ष उपलब्ध करून दिली. डिसेंबर २००७ मध्ये येल विद्यापीठाने ‘ओपन येल कोर्सेस’ या नावाने खगोलशास्त्र, आधुनिक कविता, तत्त्वज्ञान, भौतिकशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि धर्माभ्यास अशा सात विषयांतील प्रारंभिक अभ्यासक्रमांची संपूर्ण व्याख्याने वर्गात चित्रित करून खुली केली. पुढे ही संख्या बेचाळीसपर्यंत गेली. आपल्याकडे सर्व आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प हाती घेतला. आज भ्रमणध्वनी हाती असलेल्या कोणालाही, निदान तत्त्वतः, या वर्गांत मागच्या बाकावर बसता येते.

या उपक्रमांचे गौरवपर वर्णन विपुल झाले आहे. त्यात भर घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यातील एका महाविद्यालयीन अध्यापकाने ही व्याख्याने ऐकली, विद्यार्थ्यांसोबत ती पुन्हा ऐकली, आणि त्यातून जे प्रश्न उभे राहिले त्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

‘सेक्शन कुठे मिळतं?’

सालवडला राहणारा, तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने काम करून पदवीचे शिक्षण घेणारा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी मजकडे आला. येलचे प्राध्यापक शेली केगन यांची मृत्यू या विषयावरील तत्त्वज्ञानाची व्याख्याने त्याने ऐकावयास घेतली होती. मेजावर मांडी घालून बसलेला हा प्राध्यापक त्याला प्रथमदर्शनीच आवडला होता. इंग्रजी त्याला सहज कळत नव्हते. परंतु येलने प्रत्येक व्याख्यानाची लिखित संहिता दिलेली आहे, ती तो आधी वाची आणि मग ऐके. त्याची अडचण निराळीच होती. तो म्हणाला, “सर, हे प्राध्यापक सेक्शनचं सांगतात. सेक्शनमध्ये बोला, त्याला गुण आहेत म्हणतात. ते सेक्शन कुठे मिळतं? मी सगळीकडे शोधलं.”

‘सेक्शन’ ही आणखी एक चित्रफीत असावी, अशी त्याची समजूत होती. वस्तुतः ती दर आठवड्याला भरणारी छोट्या गटाची चर्चा असते. मोठ्या सभागृहात प्राध्यापक बोलतात. नंतर विद्यार्थी लहान लहान गटांत सहायक अध्यापकांसमोर बसतात, व्याख्यानातील युक्तिवाद उलगडतात, खोडून काढतात, लिहिलेले निबंध दाखवितात. एमआयटीमध्ये याच तासाला ‘रेसिटेशन’ म्हणतात. येलने कॅमेरा लावला तो सभागृहात. चर्चेच्या खोलीत लावला नाही. तो लावता येणेही कठीण होते, कारण तेथे विद्यार्थी अडखळतात, चुकतात, हट्टाला पेटतात, आणि ते जगाने पाहावे अशी कोणाचीही इच्छा नसते.

म्हणजे आपण ज्याला ‘येलचा अभ्यासक्रम’ म्हणतो तो मूळ अभ्यासक्रमाचा अर्धा भाग आहे. हा अर्धा भाग अतिशय देखणा आहे, पण तो स्वयंपूर्ण असावा या कल्पनेने रचलेलाच नाही. केगन पहिल्याच व्याख्यानात सांगून टाकतात की, आपण दोन्ही बाजूंचा तटस्थ आढावा घेणार नसून आपले मत मांडणार आहोत. आत्मा नावाची वस्तू नाही, आणि अमरत्व लाभले तरी ते सुखाचे होणार नाही, ही त्यांची मते. इतक्या ठामपणे बोलण्याचा अधिकार त्यांना का पोचतो? कारण पुढे सेक्शनमध्ये कोणीतरी ‘मला हे पटत नाही’ म्हणणार आहे, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांचा ठामपणा ही विद्यार्थ्याला दिलेली आव्हानवजा सूट आहे. ऐकणारा एकटा असला की ती सूट राहत नाही.

आपल्या भागात याची जाण लवकर यावयास हवी होती. पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे ते शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. आणि वारकरी परंपरेतील अधिकारी प्रवचनकार व कीर्तनकारही होते. वर्गातील तत्त्वज्ञान आणि फडावरील निरूपण या दोन्ही रीती एका व्यक्तीच्या ठिकाणी नांदत होत्या. पण त्या दोन रीती आहेत, एक नव्हे. वर्गात विद्यार्थ्याने हात वर करणे अपेक्षित असते. प्रवचनात श्रोत्याने ऐकणे, मुरविणे अपेक्षित असते. ध्वनिचित्रण वर्गातील व्याख्यानाचे नकळत प्रवचन करून टाकते. किंबहुना कीर्तनाशी तुलना केली तर ध्वनिचित्रण अधिकच दरिद्री ठरते. कीर्तनात टाळकरी मागे उभे असतात, ध्रुवपद उचलून धरतात, आणि श्रोत्यांची मान डोलली नाही तर कीर्तनकार मार्ग बदलतो. पडद्यावरचा प्राध्यापक कधीच मार्ग बदलीत नाही.

डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे मुले स्वाक्षरी मागावयास येत, तेव्हा ते त्यांना पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत आणि उत्तराखाली स्वाक्षरी करून पाठवीत. व्याख्यानाचा दुसरा अर्धा भाग किती स्वस्तात उभा करता येतो, याचे मला ठाऊक असलेले हे उत्तम उदाहरण होय.

फळ्यावरील दोन समीकरणे

अर्धा भाग असला तरी तो काय प्रतीचा आहे, हे पाहण्यासाठी एका व्याख्यानाचे बारकाईने परीक्षण करू. एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग यांचा रेषीय बीजगणिताचा अभ्यासक्रम १९९९ मध्ये वर्गात चित्रित झाला. स्ट्रँग यांनी २०२३ मध्ये आपले शेवटचे व्याख्यान देऊन निवृत्ती घेतली. परंतु ती जुनी, काहीशी अंधुक चित्रफीतच आजही अधिक पाहिली जाते. पहिल्या व्याख्यानाच्या आरंभी ते फळ्यावर दोन समीकरणे लिहितात : २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३.

आपल्या राज्यातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी शालेय बीजगणितातच ही भेट घेऊन आलेला असतो. दोन चलांतील रेषीय समीकरणे, त्यांचे आलेख, छेदनबिंदू. उत्तर क्ष = १, य = २. स्ट्रँग हे सारे काही मिनिटांत उरकतात आणि त्याला ‘ओळींचे चित्र’ असे नाव देतात. मग ते त्याच समीकरणांकडे उभ्या दिशेने पाहतात. क्ष चे सहगुणक एका स्तंभात घेतले तर (२, −१) ही सदिश राशी मिळते. य चे घेतले तर (−१, २). प्रश्न आता असा होतो की, पहिल्या राशीचे किती भाग आणि दुसरीचे किती भाग एकत्र केले म्हणजे (०, ३) मिळेल? पहिलीचा एक, दुसरीचे दोन. उत्तर तेच, पण प्रश्न पूर्णतः बदलला. रेषा कोठे छेदतात हे विचारण्याऐवजी आपण काय मिसळून काय तयार होते हे विचारू लागलो. त्यानंतर स्ट्रँग सहज विचारतात : हे सर्व प्रकारे मिसळून पाहिले तर उजवीकडे काय काय मिळू शकेल? सगळे प्रतल मिळेल काय? पुढचे सारे सत्र या एका प्रश्नाचा विस्तार आहे.

प्रारंभिक व्याख्यान म्हणजे अवघड विषय सोपा करून सांगणे, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. या व्याख्यानात काहीही सोपे केलेले नाही. विद्यार्थ्याला जे आधीच येते ते घेतले आणि त्याची दिशा फिरविली, इतकेच. येथे भाषाही आड येत नाही. शब्द थोडे, खडू अधिक. आकडेमोड करताना स्ट्रँग मध्येच थबकतात, वर्गाला विचारून खात्री करून घेतात. विचार होताना दिसतो. पाठ्यपुस्तकात तो होऊन गेलेला असतो.

परंतु ज्या क्षणी ते ‘सगळे प्रतल मिळेल काय?’ असे विचारतात त्या क्षणाकडे पुन्हा पाहावे. वर्गातील विद्यार्थ्याला दोन-तीन सेकंद मिळतात, कोणीतरी पुटपुटते, व्याख्यान पुढे सरकते. पडद्यासमोरील विद्यार्थी नेहमी दुसऱ्याने दिलेले उत्तर ऐकतो. विराम देण्याची कळ त्याच्या हाताशी असते, पण ती दाबण्याचे कारण त्याला कोणी दिलेले नसते. एमआयटीलाही ही उणीव जाणवली असावी. २०११ मध्ये ‘ओसीडब्ल्यू स्कॉलर’ या मालिकेत याच अभ्यासक्रमाला सहायक अध्यापकांच्या छोट्या चित्रफितींची जोड देण्यात आली. त्यांत एक उदाहरण मांडून ‘आता थांबा, स्वतः करून पाहा, मग पुन्हा सुरू करा’ असे सांगितले जाते. सूचना योग्य आहे. ती पाळली गेली की नाही, हे मात्र सांगणाऱ्याला कधीच कळत नाही.

याच संस्थेतील वॉल्टर लेविन यांची भौतिकशास्त्राची व्याख्याने एके काळी स्ट्रँग यांच्याइतकीच लोकप्रिय होती. आंतरजालावरील एका विद्यार्थिनीचा त्यांनी लैंगिक छळ केल्याचा निष्कर्ष संस्थेच्या चौकशीत निघाल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये एमआयटीने ती आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. त्या वेळी पुष्कळांनी भौतिकशास्त्राचे नुकसान झाल्याची हळहळ व्यक्त केली. चित्रफितीमागे अध्यापक आणि विद्यार्थी यांचे नातेच नसते, हा समज किती भाबडा आहे ते त्या प्रसंगाने दाखविले. एवढेच नोंदवून पुढे जातो.

चिऊ-काऊ आणि साहित्यसिद्धान्त

मराठीच्या अध्यापकांना विशेष जवळचा वाटेल असा येलचा अभ्यासक्रम म्हणजे पॉल फ्राय यांचा ‘साहित्यसिद्धान्ताचा परिचय’. २००९ मध्ये चित्रित झालेली ही सव्वीस व्याख्याने आहेत. रूपवाद, संरचनावाद, विरचना, मनोविश्लेषण, मार्क्सवाद, स्त्रीवाद असा तो प्रवास आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या परिचयाचाच आहे. फ्राय यांनी एक युक्ती केली आहे. प्रत्येक सिद्धान्ताची कसोटी पाहण्यासाठी त्यांनी अगदी लहान मुलांसाठी असलेली, चार-दोन पानांत संपणारी ‘टोनी द टो ट्रक’ ही गोष्ट निवडली. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा एक ट्रक स्वतःच रस्त्यात अडकतो. ऐटबाज गाड्या मदत न करता निघून जातात, एक साधीसुधी गाडी त्याला ढकलून मार्गाला लावते. एवढीच कथा. पण प्रत्येक नव्या सिद्धान्ताबरोबर ती नव्याने उलगडते, आणि सिद्धान्तांतील भेद एरवी कोणत्याही व्याख्येने कळले नसते इतके स्पष्ट कळतात.

आपण हे का केले नाही, असा प्रश्न मला ती व्याख्याने ऐकताना सतत पडत होता. आपल्याकडे सिद्धान्त शिकविताना उदाहरणेही सिद्धान्तकारांच्याच पुस्तकांतून येतात. विद्यार्थ्याने न वाचलेल्या युरोपीय कादंबरीवरून त्याला संरचनावाद समजवावयाचा! वास्तविक चिमणी-कावळ्याच्या घराची गोष्ट प्रत्येक मराठी घरात पोचलेली आहे. मेणाचे घर आणि शेणाचे घर हे द्वंद्व संरचनावादाला हवे तसे आहे. दार उघडण्यास लावलेला विलंब कथनमीमांसेचा धडा आहे. घर, बाळ, न्हाऊमाखू आणि बाहेर पावसात उभा असलेला नर यांकडे स्त्रीवादी वाचन कसे पाहील? आणि ज्याचे घर वाहून गेले त्याच्याविषयी आपल्याला हसू का येते, हा प्रश्न वर्गीय दृष्टीने विचारला तर वर्गात शांतता पसरते. मी तो विचारला आहे. पाड्यावरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने तेव्हा सांगितले की, त्यांच्याकडे कुडाच्या भिंती शेणानेच सारवतात, आणि लहानपणापासून तिला या गोष्टीत कावळ्याचे घर अधिक ओळखीचे वाटे. फ्राय यांच्या सव्वीस व्याख्यानांत हे वाचन येणे शक्य नव्हते. परंतु त्यांची युक्ती पाहिली नसती तर माझ्या वर्गातही ते आले नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

फ्राय यांच्या व्याख्यानांची मर्यादा दुसरीकडे आहे. जाडजूड संकलनग्रंथातील नेमलेले उतारे वाचून आलेला श्रोता ते गृहीत धरतात. न वाचता ऐकणाऱ्याला अर्धीअधिक वाक्ये हवेत तरंगताना दिसतील. येलने व्याख्यान खुले केले. ग्रंथ खुला करणे त्याच्या हाती नव्हते. आमच्या भागातील किती ग्रंथालयांत असा ग्रंथ सापडेल, हे वाचकांना सांगावयास नको.

भारतीय प्रयत्न

दूरचित्रवाणीद्वारे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत पोचण्याचा आपला प्रयत्न अमेरिकेतील या उपक्रमांहून जुना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी कार्यक्रम तयार करणारे एक केंद्र पुणे विद्यापीठात होते. उद्देश लहान गावांतील महाविद्यालयांपर्यंत पोचण्याचा होता, भाषा प्रामुख्याने इंग्रजी. ते ‘कार्यक्रम’ होते, व्याख्याने नव्हेत : निवेदन, दृश्ये, संगीत. निर्मितिमूल्ये चांगली असत, पण त्यांत विचार करणारा माणूस क्वचित दिसे.

एनपीटीईएलने व्याख्यानाकडे परत जाण्याचा योग्य निर्णय घेतला. आरंभी स्थापत्य, यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या अभियांत्रिकीच्या पाच शाखांवर भर होता. विज्ञान व मानव्यविद्या नंतर आल्या. त्यामुळे तेथे खोली पुष्कळ, पण दारातून आत घेणारी व्याख्याने तुलनेने कमी. येलचा क्रम नेमका उलट होता. पुष्कळशा एनपीटीईएल चित्रफिती स्टुडिओत तयार झाल्या : समोर विद्यार्थी नाहीत, मागे फळा नाही, पडद्यावर तयार मजकुराच्या पट्ट्या, आणि अध्यापक कॅमेऱ्याकडे पाहून ती वाचीत आहेत. विद्वत्तेबद्दल शंका नाही. परंतु प्रश्नाची शक्यताच नसलेल्या खोलीत माणूस निराळे बोलतो. याला सणसणीत अपवादही आहेत. आयआयटी मद्रासचे व्ही. बालकृष्णन यांची अभिजात भौतिकशास्त्रावरील व्याख्याने खऱ्या वर्गात, खऱ्या फळ्यासमोर चित्रित झाली आहेत आणि त्यांत मुलांचे प्रश्न ऐकू येतात. आयआयटी मुंबईचे अभिराम रानडे यांनी संगणक आज्ञावलीच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात पडद्यावर एक कासव चालवून चित्र काढण्यापासून सुरुवात केली. विद्यार्थ्याला चौकोन काढता येतो. तो कासवाकडून काढून घेताना आज्ञा, क्रम, पुनरावृत्ती या कल्पना आपोआप येतात. स्ट्रँग यांच्या समीकरणांशी हिचे नाते उघड आहे.

भाषेचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. एनपीटीईएलने काही अभ्यासक्रमांची मराठीसह भारतीय भाषांत भाषांतरे केली आहेत, आणि आयआयटी मुंबईत कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात संगणकप्रणाली शिकविणारे छोटे पाठ मराठीत ध्वनिमुद्रित झाले आहेत. दुसऱ्या प्रकल्पातील एक बाब शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे. पडद्यावरील शब्द इंग्रजीच राहतात, कानावर मराठी पडते, आणि ऐकणाऱ्याने पाठ थांबवून शेजारच्या खिडकीत तीच कृती करावयाची असते. म्हणजे ‘करा’ हे रचनेतच बसविले आहे. मात्र हे कौशल्याचे पाठ झाले. तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र यांचे मराठीतून, फळ्यासमोर उभे राहून केलेले सत्रभराचे प्रारंभिक विवेचन ही गोष्ट निराळी आहे. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश केले, मराठी विश्वकोश झाला, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून मराठीत स्वयं-अध्ययनाची पुस्तके तयार केली. आपल्यापाशी शास्त्राचे छापील मराठी आहे. ते बोललेले ऐकावयास मिळत नाही. ‘सदिश’ हा शब्द कोशात सुखरूप आहे. पण तो वाक्यात सहज बोलून, चुकून, दुरुस्त करून वापरणारा अध्यापक आमच्या विद्यार्थ्याने ऐकलेला नसतो, म्हणून तो शब्द त्याला परकाच वाटतो. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून मराठी समाजाला व्याख्यान ऐकण्याची सवय आहे. सुट्या व्याख्यानाची आहे. क्रमाने, अध्यायाअध्यायाने चालणाऱ्या व्याख्यानाची नाही.

श्रेयांक आणि अध्यापक

आतापर्यंतची चर्चा केवळ रसग्रहणाची वाटली असेल तर तिची व्यावहारिक बाजू आता मांडतो. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत स्वीकारण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमाने दिली होती. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्के करण्यात आली. विद्यार्थ्याला निवड मिळावी हा हेतू स्तुत्य आहे. परंतु या विनियमांमागे चित्रित व्याख्यान म्हणजे पूर्ण अभ्यासक्रम होय, हे गृहीतक दडलेले आहे. ‘स्वयम्’वर स्वाध्याय असतात, चर्चामंच असतो, शेवटी परीक्षा असते, हे खरे. तरी तीस हजार नोंदणीच्या मंचावर लिहिलेला प्रश्न आणि आठ जणांच्या खोलीत विचारलेला प्रश्न यांना एकच नाव देणे हा शब्दांचा दुरुपयोग होय.

महाविद्यालयाने ‘हा विषय आता आंतरजालावर होतो’ म्हणून तास कमी केले, तर जे मूळ विद्यापीठात दुसऱ्या अर्ध्या भागात होते ते कोठेच होणार नाही. मोठ्या शहरात शिकवणीवर्ग, सुशिक्षित पालक, मित्रमंडळी यांतून ते कसेबसे भरून निघेल. सालवड, बेटेगाव, मान या गावांतून येणाऱ्या, घरातील पहिल्याच पिढीत महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाचा वर्ग हीच एकमेव जागा असते.

तथापि अध्यापकवर्गाने यावरून स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. चित्रित व्याख्यानांशी आपल्या वर्गांची तुलना होते तेव्हा आपण बहुधा हरतो, आणि न्याय्य कारणाने हरतो. येलने प्रारंभिक अभ्यासक्रम आपल्या मान्यवर, अनुभवी प्राध्यापकांकडे सोपविले आणि मग तेच जगाला दाखविले. आपल्याकडे प्रथम वर्षाचे तास बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरील सर्वांत तरुण, सर्वांत कमी मानधनाच्या सहकाऱ्याकडे जातात आणि ज्येष्ठ मंडळी पदव्युत्तर वर्गाची प्रतिष्ठा सांभाळतात. वर्गात टिपणे उतरवून देणे यालाच अध्यापन म्हणावयाचे असेल, तर ते काम चित्रफीत अधिक चांगले करते आणि ती रजाही घेत नाही. जो अध्यापक केवळ व्याख्यान देतो त्याची जागा चित्रफितीने घ्यावी, यात मला काही गैर दिसत नाही. प्रश्न आहे तो त्या चित्रफितीनंतर वर्गात कोण उभे राहणार, हा.

आपल्याच परिसरात याचे एक जुने उत्तर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेले काम पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर रुजले. आदिवासी मुले गुरे चारावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून तेथे कुरणशाळेची कल्पना निघाली : मुले जेथे असतील तेथे शाळा न्यावयाची. आंतरजालाचे समर्थक आज नेमके हेच बोलतात, की ज्ञान विद्यार्थ्याच्या हातात आले. कोसबाडला कुरणावर फळा गेला, तेव्हा फळ्याबरोबर शिक्षकही गेले होते.

एक प्रयोग

गणिताचे एक सहकारी आणि प्रस्तुत लेखक यांनी सालवडमधील एका खोलीत रविवारी सकाळी काही विद्यार्थ्यांसमवेत स्ट्रँग यांची व्याख्याने पाहण्याचा उपक्रम केला. ‘सेक्शन’चा शोध घेणारा तो विद्यार्थी त्यात होता. दर आठवड्याला उपस्थिती बदलत असे, कारण पाळ्या बदलत. आधी संपूर्ण व्याख्यान दाखवून मग चर्चा करण्याचा बेत होता; तो पहिल्याच दिवशी सोडावा लागला. रात्रपाळी करून आलेली मुले पन्नास मिनिटे अंधारात बसली की झोपतात. म्हणून स्ट्रँग प्रश्न विचारतील तेथे चित्रफीत थांबवावयाची, त्यांचे उत्तर ऐकावयाचे नाही, असे ठरले.

पहिल्या व्याख्यानात स्तंभांचे चित्र आले तेव्हा सहकाऱ्यांनी ‘दोन राशी मिसळून तिसरी’ असे मराठीत सांगितले. रंगद्रव्यांच्या कारखान्यात काम करणारा एक जण लगेच म्हणाला की, हे तर पिंपांचे काम आहे : या मिश्रणाचे एक पिंप, त्या मिश्रणाची दोन, आणि हवी ती छटा. स्तंभांच्या चित्राचा याहून नेमका मराठी अनुवाद मला सुचला नसता. मग चित्रफितीतील प्रश्न आला : सर्व प्रकारे मिसळले तर सगळे प्रतल मिळेल काय? चित्रफीत थांबविली. एकदोघांनी होय म्हटले. पिंपवाला गप्प होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “सर, उणे एक पिंप कसं ओतायचं?”

सहकाऱ्यांनी खडू हातात घेतला आणि दोन सदिश राशी काढून त्यांच्यामधला कोपरा छायांकित केला. उणे भाग घेता येत नसतील तर सगळे प्रतल मिळत नाही, एवढा कोपराच मिळतो. त्या कोपऱ्याबाहेरची छटा कारखान्यात कशी आणतात, यावर दोन मुलांचा वाद सुरू झाला. एकाच्या मते तिसरे पिंप हवे. दुसऱ्याचे म्हणणे, तिसरे पिंप कोठे ठेवले आहे त्यावर ते अवलंबून. स्ट्रँग यांच्या पहिल्या व्याख्यानात हा मुद्दा नाही. त्या रविवारी चित्रफीत तेथून पुढे सरकली नाही. बाराच्या सुमारास दुसऱ्या पाळीची मुले उठली, आणि खडूने काढलेला तो कोपरा आम्ही पुढच्या रविवारसाठी फळ्यावर तसाच ठेवला.